एका नावाच्या दोघी

आई स्वयंपाकघरातली कात्री घेऊन खुर्चीची वीण कापत होती. चांगली, घट्ट, अजून पिवळी चमक असलेली वेताची वीण. एक पट्टी उचलायची, खाली कात्रीचं टोक घालायचं आणि दाबायचं. दर पट्टीनंतर थांबून श्वास घ्यायचा.

मी बाजारातून आलेली, दारात पिशव्या घेऊन उभी.

"काय चाललंय आई?"

"फाटलीये ही."

"तू फाडतेयस."

"तेच ते. उद्या फाटकीच दिसणार ना." तिने कात्री माझ्यापुढे धरली. "मधली पट्टी राहिलीये. माझ्या बोटांत जोर नाही उरला. काप तेवढी."

"कशासाठी पण?"

"वेतवाल्यांकडे जायचंय. आणि जिने मला एकटीला जमायचे नाहीत, तेव्हा तू पण चल."

आमच्या घरात माणसांपेक्षा खुर्च्या नेहमीच जास्त होत्या. आई कुठून कुठून बसकण गेलेल्या खुर्च्या उचलून आणायची. भंगाराच्या दुकानातून, शेजाऱ्यांच्या जिन्याखालून, एकदा तर सरळ रस्त्याच्या कडेवरून. मग त्या बाजारामागच्या एका वेतवाल्याकडून विणून घ्यायची. बाबा म्हणायचे, "आपल्याकडे पाहुणा उभा दिसला तर समजावं, हट्टी आहे." बाबा गेले, मी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेले, तरी खुर्च्या येतच राहिल्या. एवढ्या सरळ बाईला एखादं वेड शोभूनही दिसायचं, म्हणून कुणी काही विचारलं नाही.

आता तिचं हृदय थकलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, काही महिने. काही म्हणजे किती, हे आईने विचारलं नव्हतं. सगळं आयुष्य नेमकेपणात काढलेल्या बाईने तेवढं एक मोघम राहू दिलं होतं. मी महिनाभर राहायला आले होते.

मी पट्टी कापली. संध्याकाळी तिने मला समोर बसवलं.

"मला त्या माणसाला एक गोष्ट सांगायचीये. वर्षानुवर्षं सांगायचीये. दर वेळी खुर्ची घेऊन जाते आणि खुर्ची घेऊन परत येते."

"कसली गोष्ट?"

"त्याची बायको त्याला न भेटता गेली. माझ्या चुकीनं."

आई मोठ्या दवाखान्याच्या नोंदणी विभागात होती. तळघरातली खोली, छतावरून जाणारे गरम पाण्याचे नळ आणि एकुलत्या एका खिडकीतून दिसणारे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय. ती टंकलेखक म्हणून लागली होती. संगणक आले तेव्हा बाकीच्यांनी बदल्या मागून घेतल्या, हिने मागितली नाही. एका जाड पुस्तकाच्या झेरॉक्स प्रतीवरून ती स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने काय करायचं त्याच्या सूचना, लिहायला शिकली. तोवर चौकशीच्या खिडकीवरचा कारकून रजिस्टरची पानं उलटत बसायचा आणि नातेवाइकांची रांग फाटकापर्यंत जायची. आईच्या स्क्रिप्टमुळे नाव टाकलं की वॉर्ड आणि खाट समोर यायला लागली. तिचा तेव्हाचा आनंद मला आठवतो. जेवताना मधेच हसायची.

त्या सूचनांच्या भाषेची अक्षरओळख मलाही तिनेच करून दिली होती. कॉलेजात माझा विषय साहित्य, पण संगणकाचा एक पेपर सगळ्यांना सक्तीचा होता आणि मी त्यात गटांगळ्या खात होते. पुस्तकात प्रत्येक नावाच्या आधी काहीतरी चिन्ह. कुठे $, कुठे @, कुठे %.

"हे काय, शिव्या दिल्यासारखं लिहिलंय," मी म्हटलं होतं.

"शिव्या नाहीत. आडनावं समज. कोण कुठल्या घरातलं ते नुसतं बघून कळतं." तिने टेबलावर एक पेला ठेवला. "हा $. यात एकच गोष्ट मावते. आकडा असू दे, शब्द असू दे, अख्खं वाक्य असू दे, पण एकच." मग फ्रीजमधून बर्फाचा ट्रे काढला. "हा @. एकापाठोपाठ एक घरं. क्रम मोडत नाही. पहिल्या घराचा नंबर शून्य."

"शून्य का?"

"ज्यांनी केलं त्यांना विचार. मी राबणारी."

तिसऱ्यासाठी ती मला दाराजवळ घेऊन गेली. भिंतीवर कपडे अडकवायच्या खुंट्या होत्या आणि प्रत्येकीवर तिने नाव लिहून चिकटवलेलं होतं. "हा सगळा फळा म्हणजे %. इथे नंबर नाही, क्रम नाही. नाव सांग, त्या नावाची वस्तू मिळेल. दोन गोळे आणि मधे रेघ, दिसतंय ना? एकीकडे नाव, दुसरीकडे त्याचं जे असेल ते."

"आणि ट्रेमधला एकच खडा हवा असेल तर @ लावायचं ना?"

"नाही. एकाला बाहेर काढलं की तो एकटा. त्याच्यापुढे $. खुंटीवरचा एक कोट काढला तरी $."

"कोट तर % चा होता."

"फळा % आहे. कोट कोटच आहे."

मी कशीबशी पास झाले आणि सगळं विसरले. त्या संध्याकाळी आईने एवढंच विचारलं, "खुंट्या आठवतात?"

"आठवतात."

"एकाच नावाच्या दोन वस्तू आल्या तर काय होतं?"

"दोन्ही लटकतील," मी म्हटलं.

"आधीची खाली पडते. नवी तिच्या जागी बसते. मशीन काही बोलत नाही, कारण त्याच्या मते काही चुकलेलंच नसतं. केस नंबर ठेवायला हवा होता मी. पुस्तकातही तसंच होतं. पण मी म्हटलं, आईला शोधत आलेली पोर काय केस नंबर सांगेल? नावच सांगेल. म्हणून नाव ठेवलं."

वेतवाल्याने बायकोला पहाटे आणलं होतं. तिला तातडीच्या विभागात घेतलं आणि घरून पांघरूण, कपडे आणायला त्याला परत पाठवलं. मधल्या वेळात तिला तळमजल्यावरच्या वॉर्डात हलवलं. पाठोपाठ त्याच नावाची, त्याच आडनावाची एक मुलगी पाय मोडून तिसऱ्या मजल्यावर दाखल झाली. तो खिडकीवर आला तेव्हा त्याला तिसरा मजला सांगितला गेला. वर जाऊन पाहतो तर प्लास्टर घातलेली पोर. तो खाली आला. खिडकीतल्या कारकुनाला सगळे पोपट म्हणत, कारण पडद्यावर येईल तेच तो बोलायचा.

पोपट म्हणाला, "या नावाची एकच आहे."

"अहो, मीच आणलंय तिला इथे."

"मग हलवलं असेल. पुलापलीकडच्या दवाखान्यात बघा."

तो पांघरूण बगलेत मारून पुलापलीकडे चालत गेला. तिथून परत आला तोवर तळमजल्यावरची खाट रिकामी झाली होती.

दुसऱ्या दिवशी वॉर्डातली मावशी कागद घेऊन तळघरात आली आणि बोलता बोलता म्हणाली, नवरा बाहेर पायरीवर बसलाय, उठायला तयार नाही, त्या पोपटाने म्हणे घालवून दिलं त्याला. आईने ते नाव टाकून पाहिलं. एकच ओळ आली, तिसऱ्या मजल्याची. तिला लगेच कळलं. तिने त्याच दिवशी स्क्रिप्ट बदलली; काय बदललं तेही तिने मला सांगितलं. साहेबांना जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले, "दुरुस्त झालं ना? मग बाहेर कशाला बोलता." विभागात सगळ्यांना तिने सांगितलं, पोपटाचा दोष नाही, माझा आहे. ज्याला सांगायला हवं होतं तो तेवढा राहिला.

"आता सांगून काय मिळणार आहे आई?" मी म्हटलं. "म्हातारपणी त्यांची जखम उकरायची? कशासाठी, तुला मोकळं वाटावं म्हणून?"

"हेच स्वतःला सांगत मी एवढ्या खुर्च्या आणल्या," आई म्हणाली.

वेतवाल्यांचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधला बोळ, वर पत्रा टाकलेला. टबात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या, पत्र्याखाली उलट्या टांगलेल्या खुर्च्या, ओल्या गवतासारखा वास. काका स्टुलावर बसून मांडीतली चौकट विणत होते. टॉवेल टाकावा तशा चार-सहा पट्ट्या खांद्यावर.

"या बाई. ही कोण?"

"मुलगी."

"आणलीत एकदाची. मला वाटायचं खुर्च्याच तुमच्या लेकी." त्यांनी माझ्या हातातली खुर्ची घेऊन उलटी केली. "ही फाटली नाहीये. कापलीये. मांजरानं कात्री घेतली काय हातात?"

"मी कापली."

"का, काम आवडलं नाही?"

"इथे यायला काहीतरी हवं होतं."

"मग नुसतं यायचं. खुर्ची दाखवल्याशिवाय आत सोडत नाही असा काय मी पहारेकरी आहे?"

आई हसली नाही. तिने समोरच्या एका खुर्चीची पाठ धरली आणि उभ्या उभ्याच बोलली. ती वाक्यं तिने खूप आधी बांधून ठेवली असणार, कारण ती अडखळली नाही. "तुमची मंडळी गेली तेव्हा मी त्या दवाखान्यात होते. कोण कुठल्या खाटेवर आहे ते खिडकीवरचं मशीन सांगायचं. त्याला काय सांगायचं ते मी लिहिलं होतं. त्या दिवशी तुमच्या मंडळींच्या नावाची अजून एक आली, आणि मशीनने तुमच्या मंडळींचं नाव काढून टाकलं. ते माझ्या लिहिण्यामुळे झालं. खिडकीतल्या माणसाचा दोष नव्हता. तुमचा तर नव्हताच."

काकांचे हात चालूच होते. एक पट्टी वरून, एक खालून. मला वाटलं, त्यांना ऐकूच गेलं नाही.

"मी नाव नीट सांगितलं नव्हतं," ते म्हणाले.

"नीटच सांगितलं होतं."

"तुम्हाला काय माहीत बाई. तेव्हा मला सवय होती, पट्ट्या ओठांत धरून विणायची. ओल्या राहतात, हाताशी राहतात. दिवसभर तसाच, मग बोलायचो तेही ओठ मिटून. ती म्हणायची, तुमचं बोलणं कळायला तुमच्याशी लग्नच करावं लागतं." ते थोडं हसले. "खिडकीवर मी तसाच पुटपुटलो असणार. काय कळणार त्याला. तेव्हापासून ओठांत पट्टी धरली नाही मी."

आई एक पाऊल पुढे झाली. "ऐका. नाव चुकलं असतं तर मशीननं कुणीच दाखवली नसती. तिसऱ्या मजल्यावरची दाखवली ना? तिचं तेच नाव होतं. म्हणजे तुम्ही सांगितलंत ते बरोबर पोचलं. अक्षर न् अक्षर."

हात थांबले.

बाहेरून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं. तिचं एक चाक कुरकुरत होतं आणि ते बोळाच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिलं.

"ती विचारत होती का?" काका म्हणाले. "माझं."

मी आईकडे पाहिलं. खोटं बोलायचं तर ते इथे, आणि मी मनातल्या मनात तिला बोल म्हणत होते.

"बोलता येत नव्हतं त्यांना," आई म्हणाली. "दार वाजलं की मान वळवत होत्या. मावशीनं पाहिलं."

काकांनी मांडीतली चौकट खाली ठेवली. खांद्यावरच्या पट्ट्या काढल्या, टबात टाकल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही.

"दर वेळी खुर्ची घेऊन यायचात."

"हो."

"आणि मी शेजाऱ्यांना सांगायचो, या बाईंना बसायची फार हौस."

आई कापलेल्या खुर्चीकडे वळली.

"आज तुम्ही जा," ते म्हणाले. "खुर्ची राहू दे इथे."

टॅक्सीत बसल्यावर मी म्हटलं, "रागावले ते."

"रागवायलाच हवं. निदान आता माझ्यावर तरी रागावतील. इतकी वर्षं स्वतःवरच रागावून बसले होते, आणि मला ते दिसलं नाही. मी आपली वीण बघायची." तिने काचेला डोकं टेकलं. "घरी गेल्यावर जरा पडते."

त्यानंतर आई फार दिवस राहिली नाही. एका दुपारी चहा गार होतोय म्हणून मी हाक मारली, आणि चहा गारच झाला.

भेटायला येणारे येऊन गेले. दवाखान्यातली जुनी माणसं आली. पोपटही आला, पार पांढरा झालेला. त्याने आईचं नाव घेतलं आणि फोटोपुढे हात जोडले. मी घर आवरायला मागे राहिले. काय ठेवायचं, काय द्यायचं, हे मला कुणी विचारत नव्हतं आणि मीही ठरवत नव्हते. एका सकाळी जिन्याच्या भिंतीला लाकूड घासल्याचा आवाज आला. दार उघडलं तर खांद्यावर खुर्ची घेऊन वेतवाले काका. पत्ता खुर्चीखाली आईनेच चिकटवलेला असायचा.

"बाईंना हाक मारा जरा," ते धापा टाकत म्हणाले.

मी सांगितलं.

ते तसेच उभे राहिले, खुर्ची खांद्यावर. मी ती उतरवून घेतली तेव्हा त्यांचा हात वरच राहिला होता.

"मला एक विचारायचं होतं त्यांना," बसल्यावर ते म्हणाले. "त्या दिवशी रागात विचारलं नाही. मग रोज विणताना तेच डोक्यात. तिसऱ्या मजल्यावरची आली म्हणून आमची का जावी? दोघी का नाही राहिल्या? तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा. नसेल तर राहू दे."

मी उठून एक खुर्ची खोलीच्या मधोमध ओढली. "ही एकटी. हिच्यावर एकच माणूस बसणार. मशीनला ते कळावं म्हणून हिच्यापुढे एक खूण करतात." मी बोटाने हवेत $ काढलं. "भिंतीला लावलेल्या त्या सगळ्या मिळून एक रांग. तिची खूण वेगळी." @ काढायला मला दोनदा बोट फिरवावं लागलं. शून्यापासून मोजतात, हे मी सांगितलं नाही. "आणि समजा, रांगच नाही. खुर्च्या कशाही पडल्यात, पण प्रत्येकीच्या पाठीवर एक नाव लिहिलंय. नाव घेतलं की ती खुर्ची सापडते. त्याची तिसरी खूण. आईने ही तिसरी घेतली होती, कारण लोक माणसाला नावानंच शोधतात."

"बरोबर आहे."

"पण एका नावाची खुर्ची एकच. त्या नावाची दुसरी आली, की ती त्याच खुर्चीवर बसते."

"आणि पहिली?"

"तिला उठावं लागतं."

"तिला विचारत नाहीत?"

"नाही."

काका मधल्या खुर्चीकडे बघत राहिले. "आता कसंय तिथे?"

"आईने त्याच दिवशी बदललं. आता एका नावाखाली एक खुर्ची नाही, अख्खी रांग असते. त्या नावाची जितकी माणसं, तितकी सगळी. कुणाला उठवत नाहीत. खिडकीवर नाव सांगितलं की पडद्यावर सगळी येतात आणि खाली एक ओळ येते. ती वाचून विचारायचं असतं."

"काय विचारायचं?"

"यातलं तुमचं कोण?"

"असं विचारतात?"

"अजून विचारतात. ती ओळ आईने लिहिली होती."

त्यांनी ते शब्द हळू, सुटे सुटे करून म्हटले, जणू खिडकीच्या अलीकडून आणि पलीकडून तेच बोलत होते. मग डोळे पुसले, घाम पुसल्यासारखे, आणि उठले.

भिंतीपाशी जाऊन ते एकेका बसकणीवर अंगठा दाबत पुढे सरकू लागले. बऱ्याच खुर्च्यांवर कधी कुणी बसलंच नव्हतं. त्यांची वीण अजून तशीच ताठ होती, अंगठ्याखाली हलत नव्हती. त्या किती आहेत हे त्यांनी मोजलं नाही, पण चाल मात्र मंदावत गेली. खिडकीजवळ आईची रोजची खुर्ची होती. तिची वीण मधोमध खोल गेली होती, डावीकडे थोडी जास्त, कारण आई डाव्या हातावर रेलून बाहेर बघायची. काकांनी तिथे अंगठा दाबला नाही. त्या खोलगटात पूर्ण तळहात ठेवला.

"ती तेवढी ताणून द्याल का?" मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "राहू दे तशी."

त्यांनी स्वतः आणलेली खुर्ची उचलून तिच्या शेजारी ठेवली आणि तिच्यावर बसले. मी चहा ठेवायला आत गेले.